जड झालेली जीभ

माइक बंद झाल्याची खात्री करून बाई म्हणायच्या, "सुटलं एकदाचं," आणि पदराने तोंड पुसायच्या. तुम्ही सोलापूरच्या स्टँडवर कधी गाडीची वाट पाहिली असेल, तर गाड्या पुकारणारा त्यांचा आवाज तुमच्या ओळखीचा असेल. माइकवर पुस्तकी मराठी, माइक बंद झाला की सांगोल्याकडची. मी तिथेच वाहतूक नियंत्रक. आमच्या खुर्च्या शेजारी होत्या.

एकदा एका प्रवाशाने खिडकीत डोकं घालून विचारलं, "काय ओ बाई, पान खाऊन बोलताय व्हय?"

बाईंनी जीभ बाहेर काढून दाखवली. पान नव्हतं. जीभच जाड झालेली, कडेला दातांचे ठसे. प्रवासी वरमून निघून गेला.

"मलाच कळंना भाऊ," त्या मला म्हणाल्या. "तोंडात मावंना झालीया."

डॉक्टरांना आधी थायरॉइडची शंका आली. रिपोर्ट चांगला आला. मग रक्तदाबाची गोळी बाधत असेल म्हणून ती बदलली. दुसऱ्या डॉक्टरांना हातपाय वाढत जाण्याच्या आजाराची शंका आली; त्यांनी विचारलं, चपलेचा नंबर वाढलाय का? "नंबर त्योच हाय, चप्पल झिजलीया," असं सांगून बाई परत आल्या. शेवटी जिभेचा बारीक तुकडा काढून तपासला. कसलंसं बिघडलेलं प्रथिन जिभेत साठत होतं. हृदयातही.

"प्रथिन म्हंजे चांगलंच की," बाई म्हणाल्या. "लोक डबं इकत घेत्यात."

मी हसलो.

इंजेक्शनं सुरू झाली. बोलणं मात्र बिघडतच गेलं. गाड्या पुकारताना करकंबचं नाव कसंबसं निघायचं, सांगोल्यातला 'स' काही फुटायचा नाही. एक दिवस त्यांनी माइक माझ्याकडे सरकवला. "माज्या गावाची गाडी तेवढी तुमी म्हणा, भाऊ."

पुढे त्या रजा घेऊन गावी गेल्या, नवऱ्याकडे. काही महिन्यांनी त्यांच्या यजमानांचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या. मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि अकलूजची गाडी पुकारली. आवाज नेहमीसारखाच निघाला.

दहाव्याला गेलो. दुपारी त्यांचे यजमान मला बांधावर घेऊन गेले. पलीकडे शेळ्या चरत होत्या.

"सुट्टीला आली की ती हितनं जीभ टाळ्याला लावून टक् टक् करायची," ते म्हणाले. "शेळ्या पळत यायच्या. जीभ जड झाली अन् तिला जमंना."

त्यांनी स्वतः करून पाहिलं. एका शेळीने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.