पाहणीच्या आदल्या दिवशीचं निंदण

माझ्या सुनेला संशोधनासाठी अनुदान मिळावं म्हणून मी वर्षभर धडपडलो, आणि त्या धडपडीत एका दुपारी तिचं संशोधनच मुळासकट उपटून टाकलं.

सून म्हणजे प्रतीक्षा. यवतमाळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि पीएच.डी. करते. तिचं माहेर दारव्ह्याकडच्या बंजारा तांड्यावरचं, शेतीतलं. आमचं घराणं मात्र पिढ्यानपिढ्या कारकुनी करणारं. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, मी कचेरीत. थोरला मुलगा, तिचा नवरा निखिल, वणीकडच्या खाणीत इंजिनीयर झाला तेव्हा हा फायलींच्या हातून निसटला म्हणून घरात थोडी हळहळच झाली होती. (तो शनिवारी येतो, रविवारी झोपतो आणि सोमवारी जातो. या हकिकतीत त्याचा एवढाच उपयोग.)

प्रतीक्षाचं प्रपोजल विद्यापीठातून दोनदा परत आलं होतं. पहिल्यांदा कॉलेजचं संमतीपत्र जोडलं नव्हतं म्हणून. दुसऱ्यांदा ते जोडायचं ठरलं, पण प्राचार्यांची सही होईपर्यंत मुदत टळली. कॉलेजच्या ऑफिसातले बाबू तिला खिडकीतून सांगायचे, “मॅडम, उद्या या.” तिसऱ्यांदाही अनुदान नाही मिळालं, तर तिची प्रयोगशाळेची खोली जाणार होती. तिथं खेळाचं सामान ठेवायचं असं कॉलेजनं ठरवूनच टाकलं होतं.

एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात माझ्या बायकोला, शैलाला, म्हणाली, “आई, मी सोडून देते हे सगळं. मला शिकवता येतं, संशोधन करता येतं. पण त्या खिडकीशी उभं राहणं नाही जमत.”

ऐकून मला फार वाईट वाटलं. जास्त वाईट यासाठी, की सबंध नोकरीभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसून लोकांना ‘उद्या या’ म्हणणारा माणूस मीच होतो.

“फाईल मला दे,” मी म्हणालो. “तू संशोधन कर. ऑफिस मी बघतो.”

“बाबा, आधी विषय तर ऐकून घ्या. कपाशीत जे...”

“कपाशी ना? समजलं. उत्तम विषय आहे.”

आणि मी फाईल उचलली. वडिलांनी मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता : मजकूर साहेबांचा, पानं आपली. त्यामुळे मी ते प्रपोजल तीनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, पण एक ओळ वाचली नाही. पानांवर आकडे घातले, खुणेच्या पताका लावल्या, टॅग बदलला, शिक्के सरळ रेषेत येतात की नाही ते बघितलं. मग डबा घेऊन कॉलेजच्या ऑफिसात जाऊन बसलो. बाबू म्हणाले, “काका, उद्या या.” मी म्हणालो, “उद्या तर येतोच. पण आज आलो आहे, तर बसतो.” माझ्या डब्यातल्या ठेच्याचा वास त्यांच्या टेबलापर्यंत जाऊ लागला तशी सही झाली. फाईल मुदतीच्या आत विद्यापीठात पोचली. प्रतीक्षानं मला वाकून नमस्कार केला, आणि तिथून पुढं माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

पावसाळ्यात विद्यापीठातून फोन आला : प्रपोजल पहिल्या चाळणीतून पार झालंय, दोघांची समिती प्रत्यक्ष पाहणीला येणार.

पाहायचा होता तो आमच्या घराशेजारचा मोकळा प्लॉट. धाकट्या मुलाच्या घरासाठी घेऊन ठेवला होता. धाकटा पुण्यात फ्लॅट घेऊन बसला. प्रतीक्षानं तिथं तांड्याच्या वावरातली माती पोत्यांनी आणून पसरली होती आणि कपाशी पेरली होती. कपाशी छान होती, पण तिच्यात गवत कमरेएवढं माजलं होतं. त्या गवतात सुतळ्या ताणून चौकटी केल्या होत्या आणि नंबर टाकलेल्या काड्या खोचल्या होत्या. पोरीला निंदायला वेळ मिळत नसेल बिचारीला, असं मी रोज मनात म्हणायचो.

पाहणीच्या आदल्या दिवशी ती तांड्यावर गेली. समितीला तिच्या आईशीही बोलायचं होतं; कशाबद्दल, ते मी विचारलं नव्हतं. आईला घेऊन ती दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. शैला भिशीला गेली होती. घरात मी एकटा, आणि उद्या इन्स्पेक्शन!

ज्यांनी सरकारी इन्स्पेक्शन पाहिलं नाही, त्यांना इथं थोडं सांगायला हवं. साहेब यायचे म्हटलं, की आमच्या खात्यात कामाला कोणी हात लावत नसे. हात लावायचा तो आवाराला. गवत काढायचं, दगडांना चुना मारायचा, झाडांच्या बुडख्यांना गेरू लावायचा, मोडक्या खुर्च्या बाथरूममध्ये कोंडायच्या. एकदा वृक्षारोपण बघायला मोठे साहेब येणार होते आणि झाडं लावायचीच राहिली होती, तर आम्ही कडुनिंबाच्या फांद्या रोवून वेळ मारून नेली होती. साहेबांनी एका फांदीला पाणीसुद्धा घातलं.

मी मागच्या वस्तीतून कमलबाईला आणि तिच्या दोन सोबतिणींना बोलावलं. सीझनला त्या निंदणाची कामं करतात.

“बाबूजी, सारंच काढू?” कमलबाईनं विचारलं.

“सारं. फक्त कपाशीची पराटी ठेवा.”

“हा तरोटा लय कवळा हाय अजून.”

“कवळा असो का जून असो. उद्या साहेब येऊन राहिले.”

“मंग घरी नेऊ काय आम्ही?”

“न्या ना, तिघीही न्या,” मी उदारपणे म्हणालो. संध्याकाळपर्यंत प्लॉट आरशासारखा झाला. काळी माती आणि कपाशीच्या सरळ ओळी. सुतळ्या पायात येत होत्या त्या मी गुंडाळून ठेवल्या, काड्या चुलीजवळ नेऊन टाकल्या. कडेच्या दगडांना एक गेरू, एक चुना, एक गेरू, एक चुना असे पट्टे मारले. कमलबाईनं जाताना हिरव्या पाल्याची एक जुडी आमच्याही ओट्यावर ठेवली. शैला भिशीहून आली, प्रतीक्षानंच जाताना ठेवली असेल असं समजून ती जुडी घेऊन निवडत बसली.

सकाळी प्रतीक्षा तिच्या याडीला, म्हणजे आईला, घेऊन ऑटोतून उतरली. मी फाटकाशी उभाच होतो. ती प्लॉटकडं बघत राहिली.

“बाबा, गवत कुठं गेलं?”

“काढलं.”

“सगळं?”

“मुळासकट,” मी म्हणालो. शाबासकीची वाट बघत होतो.

ती चुन्याच्या दगडावर बसली. ओला होता, पण तिला त्याचं भान नव्हतं. “बाबा,” ती हळूच म्हणाली, “माझं संशोधन त्या गवतावर होतं.”

मग तिनं मला विषय सांगितला. तीच गोष्ट, जी वर्षापूर्वी मी अर्ध्यावर तोडली होती. कपाशीत आपोआप उगवणाऱ्या रानभाज्या. तरोटा, कुंजर, केना, घोळ, चिवळ. तणनाशक मारून मारून त्या वावरातून जाऊन राहिल्यात. कुठली टिकते, कुठली जाते, याचा अभ्यास. कपाशी तिथं फक्त सोबतीला होती. तिच्या याडीनं त्यांच्या गोरबोलीत एक लांबलचक वाक्य उच्चारलं. त्याचा अर्थ मी विचारला नाही आणि प्रतीक्षानंही सांगितला नाही.

समिती यायला दोनएक तास होते. मी स्कूटर काढली.

“कमलबाई, कालचा पाला कुठं आहे?”

“खाल्ला ना, बाबूजी. रातीच केली भाजी.”

“सगळी?”

“पोराईले लय आवडली. तुमचं नाव काढत होते.”

दुसरीनं अर्धी भाजी शेजारी वाटली होती आणि जून पाला बकऱ्यांना घातला होता. मला बघून त्यातली एक बकरी आणखी काही आणलंय का म्हणून जवळ आली. तिसरीच्या घरी भाजी शिल्लक होती, पण शिजलेली; तिनं ती मोठ्या प्रेमानं वाटीत घालून दिली. मी एका हातात वाटी धरून स्कूटर चालवत घरी आलो. ओट्यावरच्या जुडीवर माझी सगळी भिस्त होती. पण शैलानं कालच पानं खुडून घेतली होती आणि नुसत्या काड्या उरल्या होत्या.

“अहो, या रोवून बघता का?” ती केविलवाण्या आवाजात म्हणाली.

मला कडुनिंबाच्या फांद्या आठवल्या. मी म्हणालो, “प्रतीक्षा, पलीकडच्या प्लॉटात गवत मायंदाळ आहे. अर्ध्या तासात उपटून इथं रोवतो. त्यांना काय समजतं?”

“त्यांना समजतं, बाबा. त्यांचं तेच काम आहे,” ती उठली, पाठीमागचा चुना पुसला. “आणि समजलं नसतं तरी नको. जे झालं ते सांगेन मी.”  त्या क्षणी धरणीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण धरणीसुद्धा मी काल साफ करून ठेवलेली होती.

समितीत इंगोले मॅडम होत्या, केस पांढरे, चष्मा गळ्यात लटकलेला. आणि एक तरुण सर. सरांनी उतरताच दगडांचे फोटो घेतले. “हा पांढरा-लाल पॅटर्न प्रयोगाचा भाग आहे का?”

“नाही सर,” प्रतीक्षा म्हणाली. “प्लॉट काल निंदला गेला. माझ्या गैरहजेरीत, चुकून.”

“कोणी निंदला?” मॅडमनी विचारलं.

मी पुढं झालो. “मी. प्रशासकीय साहाय्य म्हणून.”

मॅडमनी मला खालीवर न्याहाळलं. मग म्हणाल्या, “माझ्या पीएच.डी.च्या वेळी मी झाडं पेपरात दाबून वाळवायची. आईनं तो सगळा गठ्ठा रद्दीत दिला. रद्दीवाला तिला म्हणाला, बाई, पेपरात पालापाचोळा आहे, भाव कमी लागेल.” त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. “प्रतीक्षा, मला वाईट वाटतं. पण जे पाहायला आले ते इथं नाही. आज मी होकार कसा लिहू?”

 मी नजर चपलेवर ठेवली होती. प्रतीक्षानं वाकून मूठभर माती उचलली.

“मॅडम, माती तीच आहे, तांड्याची. बी तिच्यात आहे. दोन पावसाळ्यांच्या नोंदी माझ्याकडं आहेत. आता सगळं काढलंच आहे, तर आधी काय परत येतं ते तुम्ही स्वतः येऊन बघा. हा प्रयोग मी मुद्दाम करणार नव्हते. जीव झाला नसता माझा.”

“येईल ना ते,” तिची याडी माझ्याकडं बोट दाखवत म्हणाली. “इवाईनं एकडाव निंदलं त जाते काय ते? म्या सारी जिंदगी निंदून राह्यली. एका सालीबी गेलं नाही ते मेलं.”

मॅडमनी चष्मा चढवून माती बघितली. “महिन्याभरानं येते,” त्या म्हणाल्या. “तोवर निर्णय राखून ठेवते.”

जेवायला सगळे बसले. मॅडमनी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. “तरोटा फार छान झालाय. कुठला?”

शैलानं माझ्याकडं बघितलं. “प्लॉटातलाच,” ती म्हणाली.

तरुण सरांचा घास हातातच राहिला. “म्हणजे आपण नमुने खातोय?”

“खा,” मॅडम म्हणाल्या. “पाहणी अर्धवट नको राहायला.”

तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. रोज सकाळी चहाचा कप घेऊन काळ्या मातीकडं बघत उभा राहायचो. पावसानं दडी मारली तेव्हा झारीनं पाणी घातलं. शेजारच्या वकिलांनी कुंपणावरून विचारलं, “काय लावलं काका?” मी म्हणालो, “गवत.” त्यानंतर त्यांनी शैलाला माझ्या तब्येतीबद्दल विचारल्याचं समजलं. मग एक दिवस केन्याचं इवलंसं पान दिसलं. मी प्रतीक्षाला हाक मारली, ती ओल्या केसांनी धावत आली, आणि आम्ही दोघं उकिडवे बसून ते पान बघत राहिलो. इतका आनंद मला अधीक्षकाच्या बढतीलासुद्धा झाला नव्हता. आठवड्यात तरोटा आला, मागून कुंजर. प्रतीक्षानं पुन्हा सुतळ्या बांधल्या. गाठी मी मारल्या, विचारून विचारून.

मॅडम आल्या, वाकून वाकून एकेक रोप पाहिलं, आणि दिवाळीच्या आधी अनुदान मंजूर झालं. खोली वाचली. खेळाचं सामान अजून प्राचार्यांच्या केबिनबाहेर पडून आहे. मंजुरीपत्र मी या वेळी प्रत्येक ओळ वाचून काढलं. त्यात आम्ही न मागितलेली एक गोष्ट होती : प्लॉटला काटेरी तारेचं कुंपण आणि कुलपाचं फाटक.

“ढोरांसाठी असेल,” मी म्हणालो.

“आपल्या ले-आउटमध्ये ढोरं कुठं आहेत, बाबा?” प्रतीक्षा म्हणाली.

कुंपण झालं. किल्ली तिच्या पर्समध्ये असते. काल कुंजराला फुलं आलेली लांबून दिसली म्हणून मी घरातल्या तिच्या खोलीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि किल्ली मागितली. ती पेपर तपासत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, “बाबा, उद्या या.”

मी बरं म्हणालो आणि आज परत जाऊन उभा राहिलो.