पोस्टमनचा डबा भरला

धर्मपाल सरवदे एकतीस वर्षं पोस्टमन होते आणि निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी पत्त्याचा मान त्यांच्या अंगातून गेला नव्हता. साडीच्या दुकानात, चष्म्याच्या दुकानात, जिथं कुणी ईमेल मागेल तिथं ते एकेक अक्षर सावकाश सांगायचे, वर पुन्हा वाचून दाखवायला लावायचे. मग काय, सोलापुरातल्या झाडून सगळ्या सवलती त्यांच्या दारी येऊन बसल्या. ‘प्रिय धर्मपाल, फक्त तुमच्यासाठी!’ रोजच्या साठ-सत्तर. ते प्रत्येक उघडायचे, वाचायचे आणि ठेवून द्यायचे. एकही पुसायचे नाहीत.

“बाबा, कचरा हाय त्यो,” मुलगी शुभदा म्हणायची.

“टपाल हाय. टपाल टाकून द्यायचं नसतं.”

घरच्यांना वाटायचं, म्हातारा तत्त्वाचा. तत्त्व कसलं, भीती होती ती.

मंगळवारी दुपारी तीनला शुभदाला फोन आला. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून तिची निवड झाली होती, पण हजर होण्याचं पत्र दोनदा पाठवलं आणि दोन्हीदा परत आलं. ईमेलचा डबा भरलाय म्हणे. पत्र अर्जावरच्याच पत्त्यावर जाणार, आणि अर्ज भरताना बापानं हौसेनं स्वतःचा ईमेल पत्ता दिलेला.

“पाच वाजता शेवटचं पाठवते,” कार्यालयातल्या बाई म्हणाल्या. “नाही पोचलं तर यादीतल्या पुढच्या नावाला बोलवावं लागेल.”

शुभदानं बापाचा फोन ओढून घेतला. “अठरा हजार हायत की हितं! सगळे एकदम उडवते.”

“थांब! त्यात कुणाचं काय महत्त्वाचं असलं तर?”

फोन परत घेऊन ते एकेक बघत पुसायला बसले. चपला, विमा, कुकर, परत चपला. साडेचार वाजले तेव्हा जेमतेम दीडशे पुसून झाले होते. बोटं घामानं ओली, काचेवर टिकेनात. शुभदा रडकुंडीला आली. “चार वर्षं अभ्यास केलाय मी, बाबा. तुमाला चपलांची काळजी पडलीय व्हय?”

तेव्हा चौतीस वर्षं पोटात ठेवलेलं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

नोकरीचं पहिलंच वर्ष. माढा तालुक्यातल्या वाड्यावस्त्या, चैत्राचं ऊन आणि पिशवीत बियाण्यांच्या जाहिरातींचा हा एवढा गठ्ठा. कोण वाचतंय, म्हणून त्यांनी तो वाटेतल्या विहिरीत टाकला. संध्याकाळी आठवलं, सयाजी नावाच्या पोराचं लांब सरकारी पाकीट सकाळी त्याच गठ्ठ्यात खोचलं होतं. पळत गेले. कागदाचा लगदा झालेला. पुढं दोन महिने सयाजीची आई वाटेत उभी राहून विचारायची, “आमच्या सयाजीचं काय आलं का?” आणि ते म्हणायचे, “न्हाय, आई.”

शुभदानं सगळ्या पत्रांवर खूण केली आणि फोन बापापुढं धरला. “तुमीच दाबा.”

धर्मपालांनी डोळे मिटून बटण दाबलं. तरी जागा मोकळी होईना. पुसलेलं सगळं कचरापेटीत जाऊन पडलं होतं. तीही रिकामी करायला लागली. तोवर पाचला चार मिनिटं उरली.

पाच वाजले. पाच वाजून दोन मिनिटं झाली. काहीच नाही. धर्मपाल उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. लेकीकडं बघायची त्यांना हिंमत होईना.

सहाव्या मिनिटाला फोन वाजला. रिकाम्या डब्यात एकच पत्र. वर्षानुवर्षं दारोदार हाक दिली तशी त्यांच्या तोंडून आपसूक हाक निघाली, “शुभदा धर्मपाल सरवदे!”

शुभदा हसत, रडत त्यांच्या गळ्यात पडली. “आलं, बाबा! आलं!”

“व्हय, आलं,” ते म्हणाले. “तुला पत्र परत परत पाठवलं गं त्यांनी. सयाजीला कुणी दुसऱ्यांदा पाठवलं न्हाय.”