मजकूर कळला

मी मराठी चौथी शिकले. इंदापूरच्या शाळेत आम्ही मुली तिघीच होतो आणि चौथीच्या शेवटी मी एकटी उरले. वडील कचेरीत कारकून होते म्हणून एवढं तरी झालं. पुढं शिकवायचं त्यांच्या मनात नव्हतं आणि मीही त्यासाठी रडले नाही. चौथीवर पत्र वाचता येतं, लिहिता येतं, दुकानावरची पाटी वाचता येते. एवढ्यावर जन्म निघाला. पण त्याच शिक्षणाच्या जोरावर मी सासरी पहिल्याच वर्षी एक मोठी चूक केली.

वडिलांनी मला बारामतीजवळ पाटाखालच्या शेतकऱ्याच्या घरात दिलं, ते मुलगा पुण्याला कॉलेजात होता म्हणून. घर खाऊनपिऊन चांगलं होतं. मोसंबीची बाग, पेरू, वांगी, पाटाचं पाणी. त्या गावातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. लग्नात मी चौदाची होते. वर्षभर माहेरी राहिले आणि पुढच्या दिवाळीत नांदायला आले. हे, म्हणजे माझे मालक, दिवाळीला आठ दिवस घरी होते. त्या आठ दिवसांत आमचं बोलणं पाणी हवं का आणि पंचा कुठं आहे यापलीकडं गेलं नाही. मी त्यांचा चेहरा नीट पाहिला तो पुढं पुण्यात.

सासरी कुणालाच अक्षर येत नव्हतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावाचे आबा, अंगठा करायचे. मी येण्याआधी यांचं पत्र आलं की मामंजी ते शाळेच्या ओट्यावर नेत. मास्तर मोठ्यानं वाचत आणि निम्मं गाव ऐके. आबांचा पोरगा पुण्यात काय खातो हे न्हाव्यालासुद्धा ठाऊक असे. मी आल्यावर ते बंद झालं. घरात वाचणारी सून आली याचा मामंजींना फार ताठा होता. आता ते सोप्यात बसत, सासूबाई उंबऱ्याशी सूप घेऊन बसत आणि मी माजघराच्या दाराआड उभी राहून वाचत असे. सुनेनं सासऱ्यापुढं उभं राहायचं नाही ही रीत होती. त्यामुळं दाराआड मी कागदावरचं काय वाचते आणि काय नाही, हे कुणी पाहत नव्हतं. पाहून कळणारंही कुणी नव्हतं.

उत्तर मीच लिहीत असे. मामंजी सांगत ते ठरलेलं होतं. चिरंजीवास आशीर्वाद, पत्र पावले, सर्व मजकूर कळला, अभ्यास करावा, प्रकृतीस जपावे. मास्तरांच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांना ते पाठ झालं होतं. वाचून झालेलं पत्र तारेच्या आकड्यात टोचायचं आणि आकडा खुंटीला टांगायचा.

संक्रांतीच्या आधी एक पत्र आलं. वरचा मजकूर नेहमीचा होता. खाली लिहिलं होतं की दिवाळीहून आल्यापासून झोप येत नाही. वाचलेलं डोक्यात राहत नाही. वर्गात बसलं की छाती धडधडते आणि उठून यावं लागतं. चार-चार दिवस खोलीतून बाहेर पडवत नाही. कुणाला सांगावं ते समजत नाही, म्हणून लिहितो.

तोंडानं वाचायच्या आधी माझे डोळे पुढं गेले होते आणि ते ‘दिवाळीहून’ या शब्दावर थांबले. दिवाळीला मी घरात आले होते. त्याच महिन्यात आमची दुभती म्हैस मेली होती आणि बागेतल्या दोन झाडांच्या खोडांतून डिंक गळायला लागला होता. सासूबाई मला तोंडावर काही बोलल्या नव्हत्या, पण शेजारणीशी बोलताना त्यांनी पायगुण काढला होता तो मी ऐकला होता. आता पोराची झोपही दिवाळीपासूनच गेली म्हटल्यावर काय झालं असतं, ते पंधराव्या वर्षीही मला समजत होतं. मी तेवढ्या ओळी गाळल्या आणि शेवटच्या नमस्कारावर आले.

म्हाताऱ्या माणसांच्या जिवाला घोर नको म्हणून गाळलं, असं मला पुढं कितीतरी वेळा सांगता आलं असतं. तसं नव्हतं. मी ते माझ्यासाठी गाळलं.

मामंजींनी उत्तर सांगितलं, मी लिहिलं. पत्र पावले, सर्व मजकूर कळला. लिहिताना मला त्यात काही वाटलं नाही.

महिन्यानं दुसरं पत्र आलं. ते लहान होतं. झोपेचं तसंच आहे, जेवण जात नाही. बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंटांना सांगितलं तर त्यांनी पहाटे उठून जोरबैठका काढायला सांगितलं. त्या काढल्या, गुण आला नाही. आबा, तुम्ही एकदा येऊन जावे. मी त्यातलं ‘जोरबैठका काढतो’ एवढंच वाचलं आणि शेवटी ‘एकदा येऊन जाईन’ असं माझ्या पदरचं जोडलं. सासूबाई खूश झाल्या, पोरगा शिमग्याला येणार म्हणून. उत्तर गेलं. मजकूर कळला, यावे, वाट पाहतो.

तिसरं पत्र शिमग्याच्या आठ दिवस आधी, सकाळी आलं. चारच ओळी होत्या. माझी ट्रंक आणि पुस्तके खोलीत आहेत, ती नेण्यास कोणीतरी पाठवावे. मला आता त्यांची गरज नाही. चूकभूल माफ असावी.

मी येतो, असं त्यात कुठंच नव्हतं. मी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली.

“वाच की,” मामंजी म्हणाले.

मी होतं तसं वाचलं. सासूबाईंचं सूप थांबलं.  मामंजी म्हणाले, “ट्रंक आपण आणायची, तर ह्यो कुठं जाणार हाय?”

मी दाराआडून बाहेर आले. त्या घरात त्यांच्यासमोर उभी राहायची ती माझी पहिलीच वेळ.

“आधीच्या दोन पत्रांत त्यांनी लिहिलं होतं,” मी म्हणाले. “मी वाचून दाखवलं न्हाय.”

मला वाटलं, आता मार बसेल. मामंजी उठले, खुंटीवरचा आकडा काढला आणि माझ्या हातात दिला. “पयल्यापासनं वाच. एक वळ सोडू नगं.”

मी वाचलं. ‘तुम्ही एकदा येऊन जावे’ इथं आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

“आन ह्येला आपण काय लिव्हलं?”

“मजकूर कळला.”

त्यांनी पटका बांधायला घेतला. सासूबाई म्हणाल्या, हिचे पायच असले. सुप्याकडं एक देवऋषी आहे, आधी त्याला विचारा आणि मग पुण्याला जा. मामंजींनी पटक्याचं टोक खोचलं. “पोरगं तितं एकलं हाय. सुप्याला जाऊन काय करू?” मग मला म्हणाले, चल. ही कशाला, असं सासूबाईंनी विचारलं. मलाही तेच विचारायचं होतं. पुण्यात पाट्या कोण वाचणार, एवढंच ते म्हणाले.

बारामतीहून छोटी गाडी दौंडपर्यंत जायची, पुढं मोठी.  छोटी गाडी इतकी सावकाश जायची की शेतातली माणसं हाक मारून बोलत. मामंजींनी एकालाही ओ दिली नाही. दौंडला गाडीची वाट पाहत बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, का वाचलं नाहीस. मी खरं ते सांगितलं. म्हैस, डिंक, पायगुण.

“म्हस म्हातारी हुती,” ते म्हणाले. त्या गोष्टीवर ते आयुष्यात एवढंच बोलले.

पुण्यात उतरलो तेव्हा दिवस कलला होता. पाट्या वाचत आणि लोकांना विचारत बोर्डिंग सापडलं. सुपरिंटेंडेंट म्हणाले, मुलगा भित्रा आहे, परीक्षा जवळ आली की असे चार-दोन निघतात, घरी घेऊन जा. खोलीत हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. दाढी वाढलेली, गळ्याची हाडं वर आलेली. ट्रंक दोरीनं बांधून दाराशी ठेवली होती. मामंजी खाटेवर बसले आणि त्यांनी यांच्या पाठीवर हात ठेवला.

हे म्हणाले, “मजकूर कळला म्हणून लिहिलंत. मला वाटलं, सगळं कळलं आणि तरी कुणी आलं नाही.”

मामंजी माझं नाव सांगणार नाहीत हे मला दिसत होतं.  तेव्हा मी दारातून बोलले. “त्यांना कळलं नव्हतं. मी वाचलंच न्हाय.”

हे उठून बसले. यांनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता, रागवायला अंगात काही उरलेलंही नव्हतं. “मास्तर वाचत होते तोवर लिहिता येत नव्हतं,” ते म्हणाले. “घरात तू आलीस, म्हणून लिहिलं.”

 

त्या रात्री मला सुपरिंटेंडेंटच्या बायकोनं स्वयंपाकघरात निजायला जागा दिली. तिनंच हळू आवाजात सांगितलं की वेड्यांचं इस्पितळ कुठं आहे ते ठाऊक आहे, पण आत गेलेला माणूस लवकर बाहेर येत नाही म्हणतात. सकाळी मी ते मामंजींना सांगितलं. आमच्या ओळखीचा एकच माणूस पुण्यात होता, तो म्हणजे मंडईतला अडत्या. आमची मोसंबी त्याच्याकडं जायची. मामंजींनी आम्हा दोघांना तिकडं नेलं. अडत्याला वाटलं, करंड्यांत सडका माल निघाला म्हणून त्यानं आठवड्यापूर्वी कळवलं होतं, त्यावर भांडायला आले. तो आधीच हात जोडून म्हणाला, “आबा, दोनच करंड्या होत्या.”

“करंड्यांचं ऱ्हाऊ द्या, शेठ,” मामंजी म्हणाले. “पोरगं घेऊन आलोय. ह्येला झोप न्हाय, जेवान न्हाय. ह्ये कुणाला दावायचं, ते आमाला ठावं न्हाय.”

अडत्यानं यांच्याकडं पाहिलं. मग गाळ्यातल्या हमालांना चहाला पाठवलं आणि आम्हाला पोत्यांवर बसवलं. त्याचा धाकटा भाऊ दोन वर्षं असाच बसून होता. आता तो दुकान सांभाळत होता. मामंजी म्हणाले, इतकी वर्षं माल घालतोय, कधी बोलला नाहीत. “असलं कोण सांगतं, आबा?” अडत्या म्हणाला. “तुम्ही तरी आज सांगितलंत म्हणून.” त्यानं कोट चढवला आणि गाळा तसाच टाकून तो आमच्याबरोबर आला.

डॉक्टर साधेच होते, गल्लीतल्या दवाखान्यात खोकला-ताप बघणारे. त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि यांना आत घेऊन दार लावलं. तासभर तरी झाला असेल. बाहेरचे रोगी कुरकुरायला लागले. मग आम्हाला आत बोलावून त्यांनी सांगितलं की हा आजार आहे, जसा ताप असतो तसा. वेड नाही, बाहेरचं काही नाही, आळस तर नाहीच. उतरेल, पुन्हा चढेलही, तेव्हा घाबरायचं नाही. ही परीक्षा सोडा. घरी नेऊन झोपू द्या, एकटं ठेवू नका, कुणाला झाडफूक करू देऊ नका. एक औषध दिलं, बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून मात्रेच्या खुणा केलेलं. जूनमध्ये कॉलेज उघडलं की यांनी दर रविवारी त्यांच्याकडं यायचं आणि नुसतं बोलायचं. मामंजींना ते पटलं नाही. बोलायला डॉक्टर कशाला, असं ते परतताना दोनदा म्हणाले. पण यांचा रविवार त्यांनी कधी चुकू दिला नाही.

नातीच्या कॉलेजात आता मुलांशी बोलायला एक बाई नेमली आहे म्हणे, दारावर पाटीही आहे. मी नातीला म्हटलं, आम्हाला ती पाटी मोसंबीच्या अडत्याकडं सापडली.

हे दोन-अडीच महिने घरी होते. आधी नुसते झोपत. मग मामंजींबरोबर पाटाच्या कडेनं फिरायला जायला लागले, मग बागेला पाणी द्यायला. सासूबाईंनी आमच्या चोरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. त्यानं काही बिघडलं नाही. मी यांच्याशी काय बोलावं ते मला समजत नसे, म्हणून दिवसभरात काय केलं ते सांगत असे. वांगी किती तोडली, कुणाचं भांडण झालं. ते ऐकत. पुढं ते बी.ए. झाले, एक वर्ष मागं पडून. इंदापूरला नोकरी केली. तो आजार आयुष्यात आणखी दोनदा आला आणि गेला. तेव्हा कुणाकडं जायचं हे आम्हाला ठाऊक होतं.

त्या वर्षी जूनमध्ये हे परत गेले. आषाढात पत्र आलं. मी दाराआड जायला लागले तर मामंजी म्हणाले, हितंच वाच. मी सोप्यात, त्यांच्यासमोर उभी राहिले. रविवारी डॉक्टरांकडे जातो, जेवण बरे आहे, असं होतं. त्याखाली होतं की चार दिवसांपासून पुन्हा झोप कमी झाली आहे. मी ते वाचलं. सासूबाईंचं सूप या वेळी थांबलं नाही.

मी दौत आणली आणि वरच्या ओळी लिहिल्या. आशीर्वाद, पत्र पावले. मग विचारलं, “मजकूर कळला, लिहू?”

“ते नगं,” मामंजी म्हणाले. “काय कळलं ते लिव्ह.”

ते सांगत गेले आणि मी लिहिलं की चार दिवसांपासून झोप कमी आहे हे कळले. रविवारी सकाळी मी पुण्यास पोहोचतो, डॉक्टरांकडे दोघे मिळून जाऊ. मामंजींनी ते मला वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं.

सासूबाईंनी तोवर कधी पत्रात काही सांगितलं नव्हतं. त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, “जेवान खरंच जातंय का, ते इचार. आन खरं काय ते लिव्ह म्हणावं.”

मी तेही लिहिलं.