मालक न्हाय म्हणतोय

"ज्याचं गाणं, त्याला आधी," असे म्हणून अण्णा त्या माणसाच्या दारात बसायचे, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावायचे आणि टोक गिटारच्या लाकडावर टेकवायचे. मोटारीचे बेअरिंग गेले की नाही, हे मेकॅनिक असेच ऐकतात; तुम्हीही कुठे ना कुठे पाहिले असेल. अण्णा गिटारही तशीच तपासत. त्यांनी मान डोलावली की समजायचे, आता गाणार.

बारामतीच्या कडेला, जळोचीत, त्यांचे मोटार वाइंडिंगचे दुकान होते आणि त्याला लागून माझे मंडप-स्पीकरचे शेड. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरता भरता ते गाणी रचत आणि गावोगावच्या यात्रांत म्हणत. स्वतः गिटारवर, शेजारी त्यांची मुलगी हलगीवर, आणि साउंडला मी. पोरीच्या जातीने हलगी वाजवावी का, यावर सुरुवातीला पारावर बरीच चर्चा झाली. तिने पहिला ठेका धरला आणि चर्चा आपोआप मिटली.

गिटार जुनी, पुण्यातून आणलेली. तारांचा आवाज स्पीकरकडे नेणारे कॉइल अण्णांनी पंख्याच्या मोटारीची बारीक तार गुंडाळून घरीच केले होते. त्यामुळे ती गिटार सारखी गुणगुणायची. अण्णांचा हात तारांवर आला की घूं थांबायची, हात उचलला की पुन्हा सुरू. साउंडवाल्याला असा आवाज म्हणजे दाढेत अडकलेले उसाचे चिपाड. मी कितीदा म्हणालो असेन, द्या, दुरुस्त करतो.

"ऱ्हाऊ दे पाव्हणं," ते म्हणायचे. "मी हाय का न्हाय, ते तिला कळतंय."

त्यांची सगळी गाणी आमच्या भागातल्या खऱ्या माणसांवर. पण नेम असा, की गाणे ज्याचे, त्याच्या दारात जाऊन आधी ऐकवायचे. तो नको म्हणाला तर गाणे वहीत बंद. सांगवीची एक आजी सत्तरीत स्कूटर शिकली, तिच्यावर त्यांनी झकास गाणे केले होते. आजीने अंगणात बसून ते शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "तिसऱ्या कडव्यातली म्हस माझी न्हाय, जावंची हाय. काढ ती."

म्हैस काढली तर ओळ लंगडी पडत होती. अण्णांनी काढली. तेच लंगडे गाणे लासुर्ण्याच्या यात्रेत असे गाजले, की पुण्याहून रेकॉर्डिंगवाला माणूस गाडी घेऊन आला. तो म्हणाला, "अण्णा, म्हैस परत घ्या, कडवं पूर्ण होईल."

"व्हईल की," अण्णा म्हणाले, "पन म्हस कुणाची?"

शेवटी रेकॉर्डिंग म्हशीवाचूनच झाले. आज ते वरातीत वाजते तेव्हा त्या रिकाम्या जागी पोरे-म्हातारे सगळे शिट्टी मारतात. यमकाला शिट्टी कुणी मारत नाही.

आता माझे सांगतो. मी बोलताना अडखळतो, लहानपणापासून. शाळेत हजेरीला नुसते हात वर करायचो. पुढे धंदा निवडला तोही माईकचा, याला दैवाची चेष्टा म्हणा नाहीतर माझा आडमुठेपणा. रिकाम्या मैदानात "हॅलो, चेक, ऐकू येतंय का" एवढे मात्र मी घडाघडा म्हणतो. न अडखळता केलेले माझे तेवढेच भाषण, तेही लोक येण्याआधीचे.

एके दुपारी अण्णा शेडमध्ये आले, स्पीकरच्या खोक्यावर बसले आणि वही उघडली. मला वाटले, नवे गाणे ऐकवणार. नवेच होते.

"हॅलो चेक, हॅलो चेक, ऐकू येतंय का?
साऱ्या गावाला आवाज देतो, त्याला कुणी पुसलंय का?"

माझे कान तापले. "न्हाय," मी म्हणालो. पुढे "लोक हसतील" म्हणायचे होते, ते ल-ल करत तिथेच अडकले. अण्णांनी वाक्य संपेपर्यंत वाट पाहिली. माझे वाक्य परस्पर पुरे न करणारा तेवढा एकच माणूस मला भेटला.

"तुजी मोटार चांगली हाय," ते म्हणाले. "नुसती चालू व्हताना अडती. गाऊन बघ येकदा, गाताना न्हाय अडायची." आणि वही मिटली.

त्यानंतर त्यांनी एका शब्दाने विषय काढला नाही. फक्त प्रत्येक कार्यक्रमात, शेवटच्या गाण्याआधी, स्टेजवरून माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. मी नकाराची मान हलवायचो. ते दुसरे गाणे धरायचे. बारामतीत त्यांचा सर्वांत मोठा कार्यक्रम झाला, मैदान मावत नव्हते, तेव्हाही भुवया उडाल्या. मी मान हलवली. अण्णा हसून माईकवर म्हणाले, "येक गाणं शिल्लक हाय, पन मालक न्हाय म्हणतोय." लोक "कोण मालक, कोण मालक" करत राहिले आणि मी मिक्सरखाली वायर शोधत बसलो. नाव त्यांनी तेव्हाही सांगितले नाही.

मागच्या हिवाळ्यात अण्णा गेले. चार दिवसांचे दुखणे. मला हो म्हणायचे होते, खरेच होते, पण पुढच्या यात्रेला म्हणू, असे करत मी वर्षे घालवली. एवढ्या दिलदार माणसापुढे मी एका होकाराची कंजुषी केली, याची मला लाज वाटते. दिवसकार्य झाल्यावर मुलीने त्यांची वही माझ्या हातात दिली; त्यातले माझे गाणे मी पाठ केले.

त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम इंदापूरला बाजार मैदानावर ठेवला. सांगवीची आजी स्कूटरवर मागे नातसुनेला बसवून आली होती. मुलीने हलगीवर एकामागून एक गाणी घेतली आणि सारे मैदान तिच्यामागे गात होते. गिटार स्टँडवर उभी होती. मी तिची वायर जोडली होती, सवयीने.

शेवटच्या गाण्याआधी मुलगी थांबली. माझ्याकडे बघून तिने भुवया उडवल्या, थेट बापासारख्या.

मी मिक्सर सोडून स्टेजवर कधी पोचलो, मला आठवत नाही. समोर अख्खे इंदापूर. सांगायचे होते की हे गाणे अण्णांचे आहे. "अ" वरच गाडी अडली. कुणी हसले नाही. मुलीने हलगीवर हळूच एक धक्का दिला.

"हॅलो चेक, हॅलो चेक, ऐकू येतंय का?"

"येतंय," मैदान म्हणाले.

चारही कडवी गायलो. एकदाही अडलो नाही. शेवटची ओळ लोकांनी तीनदा म्हणायला लावली, आणि तिसऱ्यांदा तर आजीही उभी राहून म्हणत होती. मग टाळ्या विरल्या आणि मागे ती गिटार ऐकू आली, घूं करत, एकटी. ती गुणगुण बंद करायला मी तारांकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.