आईचा गाणारा डबा

आईचा डबा गाता गाता गप्प झाला की मी आधी गॅसकडे बघतो. डबा म्हणजे मेमरी कार्डावर चालणारा, जेवणाच्या डब्याएवढा प्लेअर. कार्ड कळवणच्या एका मोबाइलवाल्याने भरून दिलेलं. आधी बुद्धवंदना, मग भीमगीतं, शेवटी लग्नातली गाणी.

आईला आता फार अंधुक दिसतं. घड्याळ दिसत नाही, म्हणून ती गाण्यांवर स्वयंपाक करते. वंदना संपली की चहा गाळायचा. ढोलकीवरचं पहिलं गाणं संपलं की दूध उतरवायचं. मी अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघून जातो आणि मागे घरात ती, गॅस आणि हा डबा.

हल्ली डबा मध्येच बंद पडायला लागला. थाप मारली की पुन्हा सुरू. एकदा आई त्याला थापा मारत गाणं पुन्हा सुरू व्हायची वाट बघत बसली आणि दूध ओट्यावरून खाली वाहिलं, गॅस विझला. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. तेव्हापासून मशीनवर उभा असलो तरी जीव घरी टांगलेला. डबा फेकून देऊ म्हटलं तर आई म्हणाली, "अजून गातो हाय ना? उद्या मी खोकले तर मलाबी फेकशील."

खरं तर मला ती गॅसपाशी जायलाच नको होती. डबा कायमचा बंद पडला तर बरंच होईल, असंही मनात येऊन गेलं. पण तिला ते सांगणार कोण? नजर किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. आईला मी म्हटलं, "थेंब घालत राहिलं की झालं."

शेवटी इंदिरानगरातून नवा प्लेअर आणला, सगळी गाणी त्यात घातली. मोठा शहाणा मी! रविवारी सकाळी लावला, तर पठ्ठ्याने गाणी आपल्या मर्जीने मांडलेली. वंदनेच्या आधीच हळदीचं गाणं. आई हातात गाळणं घेऊन ओट्यापाशी थांबली ती थांबलीच. चहा उकळून काळा झाला.

"बंद कर रे ते," ती म्हणाली. "मी कुठं उभी हाय तेच कळंना."

मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. नव्यातली गाणी ओळीने लावायचा खटाटोप केला, तोही जमेना. मग जुना डबा उचलला आणि तडक दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

"ह्यात काय राह्यलं नाय भाऊ. नवा घ्या."

"नवा घरी आहे. हा चालू करा."

तो काम करत होता तोवर मी दुकानासमोर येरझाऱ्या घालत होतो. त्याने बॅटरी बदलली, सुटलेली तार जोडली आणि वर बजावलं, "गॅरंटी नाय हां."

घरी आईने डबा दोन्ही हातांनी चाचपला.

"किती दिवस चालंल म्हणाला?"

"सांगता येत नाही म्हणाला."

आई हसली. "माझ्या डोळ्यांचं डाक्टरनं तुला बाहेर नेऊन हेच सांगितलं ना?"

मी डबा तिच्या हातातून घेतला.

"लाव मग," ती म्हणाली. "अन् सरक जरा, चहा टाकते."