डावखुऱ्या पुंजारामचा चाकू

विजयमालाला चाकूंची आवड कधीच नव्हती. आजही नाही. देवळाली प्रवरातल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात घडीचे जुने चाकू भिंतभर मांडलेले आहेत. बघायला आलेला माणूस हमखास म्हणतो, "काय छंद जोपासलाय बाई तुम्ही!" ती चहाचा कप पुढं सरकवते आणि म्हणते, "छंद न्हाई. वैर हाय."

लोक हसतात. ती हसत नाही.

एसटीत कंडक्टर म्हणून तिची नोकरी झाली. आता ती निवृत्त आहे. तिचे वडील पुंजाराम कलमं बांधायचे. राहुरी, श्रीरामपूर, राहाता या भागातल्या मोसंबीच्या कितीतरी बागा त्यांच्या हातच्या. खुंटाची साल चिरायची, दुसऱ्या झाडाचा डोळा, म्हणजे फुटू पाहणारा कोंब, तिच्यात बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची, हे काम. पुंजाराम डावखुरे होते. डोळा काढायच्या चाकूला एकाच अंगानं धार असते. ती नेहमी उजव्या हाताच्या सोयीनं काढलेली. त्यामुळे त्यांनी नेवाशाच्या भिमाजी लोहाराकडून उलट्या अंगाच्या धारेचा चाकू मुद्दाम घडवून घेतला होता. जुन्या कानशीचं पातं, म्हशीच्या शिंगाची मूठ आणि मुठीच्या तोंडाशी पितळी पट्टी. दुसऱ्या कुणी तो चाकू हातात घेतला की साल फाटायची. "माज्याबिगर कुनाचं ऐकत न्हाई ते," असं पुंजाराम बायकोबद्दल बोलावं तसं चाकूबद्दल बोलायचे.

म्हातारपणी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. डावा हात शाबूत राहिला. खाटेवर पडून ते चाकू उघडायचे, मिटायचे, पेरूची फोड करून नातवंडांना द्यायचे. त्या दिवसांत काकासाहेब घरी आले.

शिर्डी रस्त्यावर काकासाहेबांचं हॉटेल आहे. तलवारी, अडकित्ते, दिवे, जुनी कुलपं असं बरंच काही त्यांनी तिथं गिऱ्हाइकांना बघायला मांडलेलं असायचं. भिमाजीच्या हातचे चाकू तेव्हाच दुर्मीळ झाले होते. भिमाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्याच्या मुलांनी वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं.

"चार दिवसांसाठी द्या, पुंजारामभाऊ," काकासाहेब म्हणाले. "नगरला प्रदर्शन हाय. तुमचं नाव लावतो खाली."

पुंजारामांनी चाकू मिटला आणि खाटेच्या कडेनं वाकून जमिनीवर ठेवला. पातं कुणाच्या हातात देत नाहीत. दिलं तर देणाऱ्या-घेणाऱ्यात वैर येतं. काकासाहेबांनी तो जमिनीवरून उचलला, रुमालात गुंडाळला आणि विजयमालानं केलेला चहा पिऊन ते गेले. रीत बिनचूक पाळली गेली. वैर तरीही आलं.

प्रदर्शन झालं. चाकू आला नाही. विजयमाला हॉटेलवर गेली तेव्हा काकासाहेब गल्ल्यावर बसून पान लावत होते.

"कसला चाकू, ताई?"

"आमच्या आण्णांचा. तुमी घरनं न्हेला."

"मी तुमच्याकडं भाऊंची तब्येत बघायला आल्तो. चाकू-बिकू काय न्हाई. आजारी मानसाला भास व्हतात."

पोलीस ठाण्यात अंमलदारानं विचारलं, चाकूनं कुणाला मारलंय का? नाही म्हटल्यावर त्यानं वही मिटली. विजयमालाचा भाऊ म्हणाला, जाऊ दे, दुसरा आणू बाजारातून. आणलाही. पुंजारामांनी तो उघडला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि खाटेखाली टाकून दिला. मरेपर्यंत त्यांचा डावा हात चाकू खोचायच्या जागी, कडोसरीशी चाचपडत राहिला. शेवटी ते कुणाला ओळखत नव्हते, पण हात चाचपडायचा.

तेराव्याची मंडळी उठली तेव्हा विजयमाला भावजयीला, पंकजाला, म्हणाली, "त्यो मानूस चाकू कदी ना कदी भाईर काढील. दाखवायला न्हेलाय, झाकून ठिवायला न्हाई. त्या वक्ताला मी तितं असनार."

"कशाच्या नात्यानं असनार?" पंकजानं विचारलं. "तिकिटं फाडायला?"

हा टोमणा विजयमालाला लागला, आणि तिनं तो कामाला लावला.

तिच्या गाड्या कधी नेवाशाला, कधी नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडं जायच्या. उतरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कमरेकडं, पिशवीकडं तिचं लक्ष राहू लागलं. कुणी शेंगा सोलायला चाकू काढला की ती विचारायची, कुठला, कुणी केला, कुणाचा. अकोल्याच्या डोंगरातले चाकू बोजड, पात्याच्या पाठीला जाड. नेवाशाकडचे सडपातळ. खऱ्या जुन्या चाकूच्या पाठीवर कानशीचे दात नखाला लागतात; नव्या पात्याची पाठ गुळगुळीत असते, कारण ते पत्र्यातून कापलेलं. दरवर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, म्हणून घरात वापरलेल्या चाकूच्या खाचेत हळदकुंकवाचा काळपट थर साचतो. नकली माल करणारेही कुंकू भरतात, पण ते पाण्यात कालवून, एकदाच. ते टोकरलं की सबंध पापुद्रा निघतो. हे सगळं ती शिकली. संतापापोटी माणूस जितक्या चिकाटीनं शिकतो तितक्या चिकाटीनं आवडीपोटी शिकत नसावा.

तिला सगळ्यात मोलाची गोष्ट भिमाजीच्या म्हाताऱ्या बायकोनं, गोजरबाईनं सांगितली. नेवाशाला ओट्यावर बसून ती म्हणाली, "आमचं म्हातारं खूण घातल्याबिगर चाकू हातचा सोडत नव्हतं. गिऱ्हाईक सोता यायला पायजे. त्याच्याम्होरं पितळंवर खूण कोरायची, मंगच चाकू खाली ठिवायचा. मेंढक्याला शिंग, पानमळ्यावाल्याला पान. गिऱ्हाईक न्हाई आलं तर चाकू वर्सभर आढ्याला टांगून."

"आन आमच्या आण्णांना?"

"त्ये मला काय म्हाईत, बाई. तुज्या बापाची खूण तुला ठावं."

तिला ठाऊक होती. एक उभी रेघ आणि तिच्या कुशीला टिंब. फांदी आणि तिचा डोळा.

ही खूण तिनं कुणाला सांगितली नाही. पण भिमाजीची रीत मात्र सगळ्यांना सांगितली. नगरच्या संग्राहकांच्या मंडळात ती जाऊ लागली होती. मंडळाचे चिटणीस सुनील यांचं स्टेशन रोडला घड्याळांचं दुकान होतं. तिथं महिन्याला बैठक भरायची. "खूण नसंल तर भिमाजीचा न्हाई," हे तिनं इतक्या वेळा म्हटलं की तो मंडळाचा नियमच झाला. काकासाहेबही त्या बैठकांना असायचे. त्यांनी याच नियमावर दोन-तीन जणांचे चाकू सगळ्यांसमोर नकली ठरवले होते, वर "कंडक्टरबाईंचं तिकीट नसलं की उतरायचं खाली!" असा विनोदही केला होता. विजयमाला त्या विनोदावरही हसली नव्हती. ती त्यांच्याशी अदबीनं बोलायची. चाकूचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. काकासाहेबांना वाटलं, बाई विसरली.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर काकासाहेबांनी हॉटेलच्या मागं नवं दालन बांधलं. खंडेनवमीला उद्घाटन ठरलं. पुण्याहून, नाशिकहून संग्राहक येणार होते. निमंत्रणपत्रिकेवर घडीच्या चाकूचा फोटो होता आणि खाली मजकूर: "काकासाहेबांच्या आजोबांनी भिमाजी लोहारांकडून घडवून घेतलेला चाकू." विजयमालानं पत्रिका खिडकीशी नेऊन पाहिली. शिंगाच्या मुठीवर एक पांढरट शीर होती, नदीच्या नकाशासारखी. ती तिनं लहानपणापासून पाहिलेली होती.

उद्घाटनाला ती पंकजाला घेऊन गेली.

"काय बोलनार हायेस?" वाटेत पंकजानं विचारलं.

"ह्यो माज्या बापाचा चाकू हाय. येवढंच."

हे वाक्य तिनं इतकी वर्षं घोटलं होतं.

झेंडूच्या माळा, नारळ, फोटो झाले. काकासाहेबांनी काचेची पेटी उघडली आणि चाकू मखमलीवरून काढून टेबलावर ठेवला. "आमच्या बाईंनी एकदा हात लावला की शिक्कामोर्तब झालं," ते पाहुण्यांना म्हणाले. इतकी त्यांची खात्री होती. विजयमालानं चष्मा चढवला आणि चाकू उचलला.

पट्टीवर खूण नव्हती. पितळ साफ होतं. उजेडाला तिरकं धरल्यावर बारीक समांतर रेघा दिसल्या: कानस मारून, वर पॉलिश केलेलं. दुसऱ्याची खूण ठेवून चाकू आजोबांचा म्हणता आला नसता; झिजली म्हटलं की भागेल, असं काकासाहेबांना वाटलं असावं. पात्याला दोन्ही अंगांनी धार काढली होती, कारण काकासाहेबांचे आजोबा डावखुरे नव्हते आणि गावाला ते माहीत होतं. खाचेतलं कुंकू, मळ, सगळं उकळून काढलं होतं. फक्त पात्याच्या मुळाशी, सहाणेचं चाक पोचत नाही तिथं, गव्हाच्या दाण्याएवढी जागा उरली होती. तिथं धार एकाच अंगाला होती. उलट्या अंगाला.

तिच्या तोंडात ते घोटलेलं वाक्य आलं, आणि तिनं ते गिळलं. ते म्हटलं असतं तर काकासाहेबांनी पुन्हा तेच सांगितलं असतं: भास होतात. पण या माणसानं चोरी झाकताना चाकूचा सगळा पुरावा स्वतःच्या हातानं पुसला होता. मागं उरलं होतं ते बिनखुणेचं पितळ.

"नकली हाय," ती म्हणाली.

दालनात कुणीतरी खोकलं.

"बाई, नीट बघा," काकासाहेब म्हणाले.

"बघितलं. खूण कुटं हाय?"

"झिजली. जुना चाकू हाय."

"झिजली न्हाई, घासलीय. सुनीलभाऊ, तुमचं घड्याळाचं भिंग लावा इतं. कानशीच्या रेघा दिसतात का?"

सुनील वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. "दिसतात," ते म्हणाले.

"धार यंत्रावरची. खाचंत कुंकवाचा कण न्हाई. दर नवमीला पुजलेला चाकू आसा न्हाऊन बसंल का? तुमीच आमाला शिकवता काकासाहेब, तिकीट नसलं की उतरायचं खाली."

नाशिकचे एक गृहस्थ हसले. मग बाकीचे.

"अस्सल हाय हा चाकू!" काकासाहेब ओरडले. "मला म्हाईत हाय अस्सल हाय!"

"आसंल की," विजयमाला शांतपणे म्हणाली. "खूण आसल्याबिगर भिमाजीनं सोडला नसनार. तुमच्या आजोबांची आसती तर घासली कशाला? कुनाची खूण हुती ते सांगा. मी आत्ता लिहून देते अस्सल म्हनून."

काकासाहेबांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. समोर मंडळ, पाहुणे, फोटोवाला. विजयमालानं वाट पाहिली. तिला घाई नव्हती.

"नकली मालाचे नमुने मी एका डब्यात ठिवते," मग ती म्हणाली. "द्यायचा का ह्यो? का नकली जपून ठिवनार तुमी?"

काकासाहेबांनी चाकू तिच्या हातातून हिसकावला आणि फरशीवर आपटला. "घेऊन जा!"

पातं जमिनीवर होतं. तिनं वाकून उचललं, पदरात बांधलं आणि प्रसादाचा पेढा घेऊन बाहेर पडली.

बसमध्ये पंकजा म्हणाली, "वन्सं, आवं पन त्यो आण्णांचाच हुता ना?"

"व्हय."

"मंग आता जलमभर नकलीच म्हननार का त्याला?"

विजयमालानं पदराची गाठ घट्ट केली. चाकूबाबत ती आजवर कुणाशी खोटं बोललेली नव्हती. तिच्या शब्दाला किंमत होती ती त्याच्यामुळं, आणि ती किंमत तिनं आज एका दमात खर्च केली होती.

पुढच्या महिन्यांत काकासाहेबांच्या दालनातल्या तलवारीही लोक भिंगानं तपासू लागले. पुण्याच्या एकानं ठरलेला सौदा मोडला. मंडळाच्या बैठकीला ते येईनासे झाले. आणि उन्हाळ्यात एक दिवस ते विजयमालाच्या दारात उभे राहिले. वाळले होते.

तिनं बसायला सतरंजी टाकली, चहा केला. ताटलीत पेरू घेतला आणि भिंतीवरच्या चाकूंना हात न लावता चुलीशेजारचा चाकू उघडला. दगडावर घासून त्याची धार तिनं पुन्हा एका अंगाला आणली होती. विजयमाला स्वतः उजव्या हाताची. पेरू वेडावाकडा कापला गेला.

"ताई," काकासाहेब म्हणाले, "येकदा मंडळात सांगा. अस्सल हाय म्हना. माजं बाकीचं सगळं खरं हाय, त्याच्यावर बी कुनी इस्वास ठिवंना."

"सांगते की. कुनाचा ते तुमी सांगा, अस्सल हाय ते मी सांगते. दोघं संगंच जाऊ."

काकासाहेबांनी चहाचा कप उचलला.

तिनं पातं पुसलं, चाकू मिटला आणि दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला. "उचला. नाव घ्या आन उचला. तुमाला देऊन टाकते."

बाहेरून उसाची ट्रॉली गेली. काकासाहेब चाकूकडं बघत राहिले. त्यांनी चहा संपवला, पेरूच्या फोडीला हात लावला नाही, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. दारात चपला घालताना त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं.

"तुमच्या वडलांनी मला शाप दिला आसंल," ते म्हणाले.

"त्यांना शेवटी बोलता येत न्हवतं," विजयमाला म्हणाली. "त्यांच्या वाटचं मी बोलते."

ते गेल्यावर तिनं चाकू उचलून चुलीशेजारी ठेवला. अजून कुणी बघायला आलं आणि विचारलं, हा भिंतीवर का नाही, तर ती सांगते, तो नकली आहे. आणि त्यानंच कांदा चिरायला घेते.