दोन सिनेमे आणि एक रडणं

टॉकीजमध्ये बाई हेल काढून रडू शकते, हे मला माहीत नव्हतं. डोळे टिपणाऱ्या बायका पाहिल्या होत्या, मीही त्यातलीच. पण मयतीच्या घरी रडतात तसं, सूर लावून, गेलेल्या माणसाशी बोलत, छाती बडवत? आणि तेही पडद्यावरच्या अशा जनावरासाठी, जे धड हत्ती नव्हतं की धड म्हैस नव्हती, आणि जे कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर जन्माला आलं होतं? वाशीमच्या टॉकीजमध्ये माझ्या सासूबाई तशा रडल्या.

पण आधी पहिल्या सिनेमाचं सांगायला हवं, कारण त्या दिवशी सासरे आमच्यासोबत होते.

आमचं घर रिसोडच्या कडेला, भाजीपाल्याचं. मेथी, वांगी, पालक आणि सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. माझं माहेर धनजचं, आणि माहेराहून मी दोनच गोष्टी धड आणल्या, एक तोंडाचा फटकळपणा आणि दुसरं सिनेमाचं वेड. त्यातही राक्षस, उडते घोडे, पाताळातली शहरं असलं काही असेल तर मी चुलीवरचं दूध विसरते. त्या पहिल्या सिनेमाच्या जाहिरातीची तर मी मोबाईलवर पारायणं केली होती. घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की एवढा पैसा ओतलाय, एवढी माणसं राबलीत, हा चालणार म्हणजे चालणारच. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून नवऱ्यानं जीप ठरवली आणि सासू, सासरे, आम्ही दोघं आणि शेजारची मंडळी असे वाशीमला गेलो.

सिनेमात काय नव्हतं? सोन्याचा किल्ला होता, आगीची नदी होती, डोंगराएवढा पक्षी होता. सुरुवातीलाच नायकाचा बाप किल्ल्यावरून खाली पडून मरतो. नायक आभाळाकडे तोंड करून ओरडतो आणि पुढच्याच क्षणाला त्या पक्ष्यावर बसून ढगातून जातो, मागं गाणं. माझ्या अंगावर काटा आला. म्हणून शेजारी पाहिलं, तर सासरे झोपलेले.

सासरे कुठंही झोपायचे. बाजारात पोत्याला टेकून, जीपच्या मागच्या सीटवर, मळ्यात धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाखाली टोपी डोळ्यांवर ओढून. सासूबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं, ''अवो, उठा ना. लोक पाहून राह्यले.''

''पाहू दे,'' ते डोळे न उघडता म्हणाले. ''मीबी पाहून राह्यलो, आतून.''

मला राग आला. पण मान वळवून पाहिलं तर अर्धी टॉकीज तशीच. कुणी घोरतंय, कुणी मोबाईल लावून बसलंय, मागच्या रांगेत दोघं सोयाबीनच्या भावावर भांडतायत. पडद्यावर आगीची नदी पेटलेली आणि इकडं लोक जांभया देतायत. मी हबकलेच. एवढं सगळं ओतूनही माणसाची मान वर होत नाही, हे मला खरं वाटेना.

परतताना जीपमध्ये सासूबाईंनी एकच विचारलं, ''त्या पोराच्या बापाले माती कोनं देली?''

''आई, सिनेमा हाये तो,'' नवरा म्हणाला.

''हाये ना. पन बाप त्याचा होता का नवता?''

''तो पक्ष्यावर बसून मातीलेच गेल्ता,'' मागून सासऱ्यांचा आवाज आला, आणि जीपभर हसू फुटलं. मी सोडून. सिनेमा त्याच आठवड्यात टॉकीजमधून उतरला, आणि तो जणू मीच काढला होता असं तोंड करून मी कितीतरी दिवस घरात वावरले. सासरे तेवढ्यावरून मला चिडवायचे. सांबाराच्या जुड्या बांधताना म्हणायचे, ''पोरी, तुया पक्षी कुठवर पोचला?''

त्या वर्षीच्या हिवाळ्यात सासरे गेले. सकाळी मळ्यात मेथीला पाणी देताना. सोबत सासूबाई होत्या. त्यांनी हाक मारल्यावर नवरा धावत गेला, तर त्या निंबाजवळ चहाची किटली हातात धरून उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, ''उठून नाही राह्यले.''

त्या रडल्या नाहीत. आमच्याकडे मयतीच्या घरी कुणी बाई आली की घरधनिणीच्या गळ्यात पडते आणि हेल काढून रडते, आणि घरचीनं त्यात आपला सूर मिसळायचा असतो. हे कुणी शिकवत नाही, ते असतंच. बायका येत राहिल्या, गळ्यात पडत राहिल्या, सासूबाई ताठ उभ्या. हात त्यांच्या पाठीवर ठेवायच्या, पण तोंडातून आवाज नाही. दहाव्यापर्यंत बायकांना कीव यायची, नंतर त्याच नळावर म्हणू लागल्या, ''दगड हाये वं ते बाई.'' मी दोघीतिघींशी कडाकडा भांडून आले. पण घरी येऊन त्यांच्याकडे पाहिलं की मलाही धास्ती वाटायची.

कारण त्या संपत चालल्या होत्या. भाकरीचा तुकडा ताटात फिरवत बसायच्या. रात्रभर डोळे उघडे. लुगडं अंगावर राहीना. मळ्यात जाणं तर बंदच झालं. विहिरीवरची मोटर चालू झाल्याचा आवाज आला की आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या. आम्हाला वाटायचं, सासऱ्यांची आठवण येत असेल. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, टॉनिक दिलं, आणि एकदा नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की यांना जगायचंच नाही असं दिसतंय, तुम्ही काहीतरी करा. काहीतरी म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या रात्री माझा नवरा, एवढा थोराड माणूस, स्वयंपाकघरात माझ्यापुढं बसून रडला.

म्हणून मी त्यांना सिनेमाला नेलं. माझ्याकडे दुसरा उपायच नव्हता. तो सिनेमाही तसलाच, दक्षिणेकडचा, हिंदीत केलेला, पाण्यासारखा पैसा ओतलेला. पहिल्याच्या वाटेनं जाणार याची मला खात्री होती. नवरा म्हणाला, ''जाऊ दे, तिथं आईले झोप तरी लागन.''

गोष्ट साधी होती. आपल्या टोळीतली एकटीच उरलेली एक पोरगी आणि तिला वाढवणारं ते प्रचंड जनावर, पाठीवर शेवाळ उगवलेलं. लढाया, जादू, बोलणारी झाडं, सगळं होतंच. सासूबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. झोपल्या नाहीत, पाहतायत असंही वाटेना. मग लढाईत त्या जनावराच्या पोटात बाण लागतो. पोरीला ते दिसत नाही. जनावर चालत नदीपर्यंत येतं, खाली बसतं, मान टाकतं. आपल्याला कळतं की ते गेलं. पोरीला वाटतं, दमून झोपलं. ती त्याच्या केसांत अडकलेले गोखरू काढत बसते. काढता काढता त्याला रागावते, उद्या कोणत्या घाटानं जायचं ते सांगते. त्याच्या तोंडापुढं पानाच्या द्रोणात पाणी आणून ठेवते.

गाणं नाही, बाजा नाही. नुसते गोखरू. टॉकीजमध्ये कुणी हलेना. पुढं हा सिनेमा आमच्याकडे आठवडेच्या आठवडे चालला, आणि तो का चालला यावर लोकांनी नाना कारणं सांगितली, कुणी म्हणे संगीत, कुणी म्हणे लढाया. मला विचाराल तर मी त्या गोखरूंकडे बोट दाखवीन. पहिल्या सिनेमाला धाक होता की आम्ही कंटाळू, म्हणून त्यानं बापाला मातीही मिळू दिली नाही. याला तो धाक नव्हता. एवढी मोठी मायानगरी उभी करून तो एका पोरीच्या बोटांकडे पाहत थांबला. पण हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा सुचायला वेळच मिळाला नाही, कारण माझ्या शेजारून आवाज आला.

आधी वाटलं, कुणाला ठसका लागला. मग तो आवाज चढला आणि त्यात शब्द आले.

''अवो, कसे निजले वो... मी म्हनलं थकले, निजू द्या... मी पानी वळवत बसली वो...''

मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकला.

''एक वाफा भरला, दुसरा भरला... तुमच्या पायाजवळून पानी गेलं वो, मी आवाज नाही देला... मी तुमच्यासंग बोलत होती वो, मेथीचं बोलत होती... चाय आनला, तवा हात लावला... थंडे झाल्ते वो तुमी...''

मी नवऱ्याकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात त्याचं तोंड उघडं राहिलेलं दिसत होतं. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. आम्हाला वाटत होतं, ते कोसळले आणि यांनी हाक मारली. गेलेल्या माणसाच्या शेजारी या सगळी मेथी भिजवत होत्या, त्याच्याशी बोलत होत्या, आणि एवढे महिने हे पोटात घेऊन आमच्यासोबत जेवायला बसत होत्या.

तेवढ्यात पुढच्या रांगांतून बायका उठल्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण हेल ऐकल्यावर आमच्याकडच्या बाईला बसवत नाही. कुणाच्या तरी फोनवर मयतीची खबर आली असणार, असंच त्या समजल्या. रिठदहून आलेली एक थोराड बाई खुर्च्यांमधून वाट काढत आली.

''कोन गेलं वं माय?''

''आमचे मालक,'' सासूबाई म्हणाल्या.

''कवा?''

''हिवाळ्यात.''

बाहेर उन्हाळा संपत आला होता. ती बाई क्षणभर थांबली. मग ती दोन रांगांच्या मधे, शेंगदाण्याच्या टरफलांत, खाली बसली, सासूबाईंच्या गळ्यात हात टाकले आणि तिनं आपला हेल लावला. तिच्यामागून दुसरी आली, मग आणखी. आणि माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा आपला सूर त्यांच्यात मिसळला.

दिवे लागले. सिनेमा थांबला. मशीनवरचा माणूस पळत खाली आला, त्याचा चेहरा पांढरा पडलेला. ''कोनाले काही झालं काय? गाडी बोलावू?'' त्यानं माझ्या नवऱ्याला विचारलं. नवऱ्यानं नको म्हणून हात हलवला. मघाशी लढाईच्या वेळी शिट्ट्या मारणारी पोरं उभी राहून मुकाट पाहत होती. पडद्यावर चित्र तसंच अडकलेलं होतं, केसांत पोरीची बोटं.

रडणं आपोआप उतरलं, तसं ते नेहमी उतरतं. कुणीतरी पाण्याची बाटली दिली. सासूबाई घटाघटा प्यायल्या. त्यांना इतकं पाणी एका दमात पिताना मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मशीनवाल्यानं मला हळूच विचारलं, ''ताई, बंदच करू काय आता?''

मी हो म्हणणार होते. सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

''कायले बंद करतं बापा? लाव. त्या पोरीले अजून मालूम नाही.''

त्यानं वळून पडद्याकडे पाहिलं.

''तिले समजन तवा कोनी पाह्यजे ना जवळ,'' त्या म्हणाल्या.

बायका परत आपापल्या जागेवर गेल्या. रिठदची बाई मात्र आमच्याच रांगेत बसली, सासूबाईंचा हात आपल्या हातात घेऊन. मशीनवाल्यानं वर जाऊन दिवे घालवले, आणि पडद्यावरची पोरगी पुन्हा गोखरू काढू लागली.